मिस्साची वस्त्रं शिवून घेताना: माप, रंग, कापड आणि नक्षी

बहुतेक कॅथलिक धर्मग्रामांत मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी, फादरांच्या नव्या वस्त्रांचा विषय निघतो तो सण तोंडावर आल्यावर. समिती बसते, कुणीतरी मोबाइलवर फोटो दाखवतं, "असंच पाहिजे, फक्त आपल्या संतांचं चित्र मोठं टाका" असं ठरतं आणि ऑर्डर कॉम्प्युटर भरतकामवाल्याकडे जाते. हातात येतो साटीनचा एक ताठ झगा. पाठीवर पुठ्ठ्यासारखं कडक चित्र आणि आत घामाने चिंब झालेले फादर. पैसे कमी पडले म्हणून असं होतं असं नाही, कामाचा क्रम उलटा लागलेला असतो. आधी माणूस आणि इमारत, मग रंग, मग कापड, मग काप, आणि नक्षी सगळ्यांत शेवटी. हा क्रम पाळला तर त्याच पैशांत कितीतरी चांगलं काम होतं.

इथे डोळ्यांसमोर आहेत वसईतली, मराठीतून मिस्सा होणारी कॅथलिक चर्चेस. इतर मंडळ्यांसाठी, म्हणजे कॅथलिक नसलेल्या चर्चसंस्थांसाठी, काम घेणार असाल तर पहिली भेट फक्त विचारपूस करण्यासाठी ठेवा. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारतीय मंडळीत पाळकसाहेबांचा स्टोल, म्हणजे गळ्यात घालायचा लांब पट्टा, असतो, पुलपिटवर (प्रवचनाच्या व्यासपीठावर) ऋतूप्रमाणे पट्टी बदलते. काही मंडळ्यांत मात्र टेबलावरचं पांढरं कापड सोडलं तर दुसरं काहीच नसतं आणि ते तसंच राहावं असा त्यांचा आग्रह असतो. तिथे जरीचा नमुना घेऊन जाणं म्हणजे काम हातचं घालवणं.

मोजमाप: माणसाचं आणि चर्चचंही

फादरांची उंची, खांद्यापासून मनगटापर्यंतची लांबी आणि डोक्याचा घेर ही तीन मापं हवीतच. डोक्याचा घेर अशासाठी, की चॅझुबल, म्हणजे मिस्साच्या वेळी सगळ्यांत वरून घालायचा झगा, डोक्यातून घालतात. त्याला चेन-बटण काही नको असेल तर गळ्याचा घेर डोक्यापेक्षा थोडा मोठा ठेवावा लागतो. आणि एक लक्षात घ्या: आजचे फादर बदलून जातील, वस्त्र चर्चमध्येच राहील. म्हणून अगदी अंगाबरोबर शिवू नका. साडेपाच ते सहा फूट उंचीच्या कुणालाही चालेल असा काप ठेवा.

मग टेप घेऊन चर्चमध्ये जा. वेदीची लांबी, रुंदी, उंची घ्या. शेवटच्या बाकापासून वेदीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं तरी चालेल. दिवे पिवळे आहेत की पांढरे, वेदीमागची भिंत कुठल्या रंगाची आहे, पंखे कुठे आहेत, मिस्साचं थेट प्रक्षेपण होतं का, हे वहीत लिहा. आणि धुणार कोण, तेही विचारा. सॅक्रिस्टन (चर्चची वस्त्रं-भांडी सांभाळणारा) किंवा सिस्टर घरच्या मशीनमध्ये धुणार असतील तर शुद्ध रेशमाचा विषय तिथेच संपतो.

रंग

रंग ठरवण्याचं स्वातंत्र्य फारसं नाही आणि ते बरंच आहे. नाताळ, पुनरुत्थान काळ, मरियेचे सण आणि रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी मारले गेलेले) न झालेल्या संतांचे सण यांना पांढरा. झावळ्यांचा रविवार, पवित्र शुक्रवार, पेन्टेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) आणि रक्तसाक्षी संतांना लाल. सामान्य काळात हिरवा. नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या उपवासकाळात जांभळा. आगमनकाळाच्या तिसऱ्या आणि उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी गुलाबी चालतो. अंत्यविधीच्या मिस्साला जांभळा वापरतात, जिथे प्रथा आहे तिथे काळाही. मोठ्या सणाला दिवसाचा रंग कुठलाही असला तरी अधिक मौल्यवान वस्त्र घालायला मुभा आहे. सोनेरी सेट बसतो तो याच जागी.

नवा सेट करायचा म्हटलं की सगळ्यांचं बोट सोनेरीवर जातं. माझं मत विचाराल तर पहिला चांगला सेट हिरवा करा. वर्षातले सगळ्यांत जास्त रविवार हिरव्याचे असतात आणि नेमका तोच झगा कपाटात सगळ्यांत विटलेला असतो.

छटा दुकानात ठरवू नका. मुंबईच्या मंगलदास मार्केटमधल्या ट्यूबलाइटखाली गर्भरेशमी वाटणारा जांभळा वेदीवरच्या पिवळ्या दिव्यांत तपकिरी दिसतो. तीन-चार छटांचा अर्धा-अर्धा मीटर आणा, वाचनपीठावर टांगा, आणि सकाळच्या पहिल्या मिस्साच्या उजेडात एकदा, संध्याकाळी दिवे लागल्यावर एकदा शेवटच्या बाकावरून पाहा. उपवासकाळाचा जांभळा थोडा लालसर आणि आगमनकाळाचा थोडा निळसर ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. दोन सेटची ऐपत असेल तर ती जरूर पाळा, नसेल तर मधली छटा धरा. पांढऱ्यातही शुभ्र टाळा. शुभ्र पॉलिस्टर एलईडीखाली निळं मारतं. सायीचा रंग किंवा हस्तिदंती घ्या, जरही त्यावर खुलते.

कापड

रोमन मिस्सा ग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत ३३५ ते ३४७ हे परिच्छेद वस्त्रांबद्दल आहेत. समितीच्या बैठकीत त्यातले दोन वाचून दाखवा, पुष्कळ वाद तिथेच मिटतात. ३४३ सांगतो की परंपरागत कापडांबरोबर त्या-त्या प्रदेशातलं नैसर्गिक धाग्याचं कापड वापरता येतं. कृत्रिम धाग्यालाही मनाई नाही, फक्त ते उपासनेला शोभणारं हवं. ३४४ म्हणतो की वस्त्राचं सौंदर्य भरमसाट सजावटीत शोधू नका, ते कापडात आणि घाटात असू द्या. भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या ज्या बारा बदलांना रोमने २५ एप्रिल १९६९ रोजी मान्यता दिली, त्यांतला एक वस्त्रांबद्दलच होता: नेहमीच्या रोमन वस्त्रांऐवजी अंगरख्यासारखा एकच झगा आणि त्यावरून अंगवस्त्रासारखा स्टोल. आश्रमांत आणि शिबिरांत तो आजही दिसतो. असा झगा करायला सांगितलं असेल तर स्टोल बाहेर दिसणार आहे हे धरून चाला. नेहमीच्या पद्धतीत आधी आल्ब, म्हणजे आतला पायघोळ पांढरा झगा, मग स्टोल आणि वरून चॅझुबल, म्हणजे स्टोल जवळजवळ झाकला जातो.

कापड निवडताना तीन परीक्षा घ्या. मुठीत घट्ट दाबून सोडा. सुरकुती उठून दिसत असेल तर मिरवणुकीनंतर ते कापड झोपून उठल्यासारखं दिसणार. मग एक टोक धरून खाली सोडा. फॉल जड, संथ हवा. पडदा फुगावा तसा फुगणारा नको. शेवटी एक धागा काढून जाळा. रेशीम जळलेल्या केसासारखा वास देतं आणि राख चुरगळते, पॉलिस्टर वितळून त्याचा मणी होतो. या तिसऱ्या परीक्षेचा संबंध फक्त भेसळीशी नाही. वेदीवर मेणबत्त्या असतात, धुपाटणं फिरतं आणि चॅझुबलच्या बाह्या रुंद असतात.

मुख्य सेटसाठी टसर किंवा मध्यम वजनाचं मलबेरी रेशीम, रोजच्यासाठी सुती-रेशमी मिश्रण, आणि सणाला जमणाऱ्या दहा-बारा सहयाजकांसाठी (सोबत मिस्सा करणाऱ्या फादरांसाठी) चांगल्या प्रतीचं पॉलिस्टर-व्हिस्कोस, अशी वाटणी परवडते. तयार चॅझुबल एक किलोच्या आत बसवायचा प्रयत्न करा. मे महिन्यात, मांडवाखाली, अडीच तासांच्या गुरुदीक्षेच्या विधीत त्या प्रत्येक ग्रॅमची किंमत कळते. त्याच कारणाने मी पूर्ण अस्तर लावत नाही. आत आल्ब असतोच. शिलाई आतून बंद करायची आणि कडांना चार बोटं रुंद पट्टी लावायची, एवढं पुरतं.

आपल्याकडच्या विणींत दोन फार कामाच्या आहेत. संभाजीनगरचं हिमरू सुती-रेशमी असतं. त्याच्या मागच्या बाजूला सुटे धागे राहतात, म्हणून अख्ख्या झग्यापेक्षा मधल्या उभ्या पट्ट्याला आणि वेदीच्या दर्शनी कापडाला ते शोभतं, अस्तर मात्र हवंच. दुसरी पैठणी. येवल्याची नवी कोरी पैठणी आणून कापायला हात धजत नाही, पण बऱ्याचदा एखादं कुटुंब आजीची पैठणी चर्चला देतं. ती घेतल्याबरोबर उजेडासमोर धरा. जुनं रेशीम घडीच्या रेषेवर फाटतं, आणि घडी उलगडतानाच कळतं की पाच वारांपैकी धड किती उरलंय. काठ आणि पदर शाबूत असतील तर ते नव्या रेशमावर पट्टा म्हणून लावा. घरच्यांना हे आधीच सांगा. आजीच्या पैठणीचा अख्खा झगा डोळ्यांसमोर आणून ती माणसं आलेली असतात.

काप

खाकी कागदावर अर्ध्या अंगाचा नमुना काढा. मधल्या रेषेपासून बाजूच्या कडेपर्यंत २९ इंच. गळ्यापासून कडेपर्यंत खांद्याला साधारण साडेपाच इंच उतार. गळा मधल्या रेषेपासून ४ इंच रुंद, पुढे साडेपाच इंच आणि मागे सव्वा इंच खोल. याने घेर २३-२४ इंच येतो आणि डोकं सहज जातं. पुढची लांबी ४८ इंच, मागची ५०. खालच्या कोपऱ्यांना मोठी गोलाई द्या. चौकोनी सोडलात तर चालताना दोन्ही बाजूंना शेपट्या लोंबतात.

५८-६० इंच पन्ह्याचं कापड असेल तर चॅझुबलला ३ मीटर पुरतं. स्टोलसाठी वेगळं दीड मीटर घ्या. एक अर्धा ५४ इंच लांब आणि तयार ५ इंच रुंद धरला तर त्यात चार स्टोलचे दर्शनी भाग निघतात. हातमागाचं कापड ४५ इंच पन्ह्याचं असेल तर पुढचा आणि मागचा भाग मधोमध जोडावा लागतो: चार तुकडे, साधारण सव्वापाच मीटर. हा जोड लपवायला वरून उभा पट्टा घ्यायचा. जुन्या चॅझुबलांवरचे पट्टेही असे जोड झाकत असत. प्रत्येक तुकड्याच्या बाजूला १५ इंचांची पट्टी उरते, ती फेकू नका, स्टोल त्यातूनच निघतो.

कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर बाण काढून वरची दिशा लिहा. रेशमाची चमक उलट-सुलट धरली की बदलते. पुढचे दोन भाग दोन रंगांचे दिसू लागले तर मग काही इलाज नाही. पदराचे मोर डोक्यावर उभे राहतील का, हे टेबलावर पसरून कळत नाही, कुणाच्या तरी अंगावर टाकून पाहा.

खांदे जोडल्यावर झगा दोन रात्री हँगरला टांगून ठेवा. उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या, भागातलं कापड आपल्या वजनाने खाली येतं, आणि ते आल्यावरच खालची कड सारखी करून उरेब पट्टी लावायची. घाईत हे टाळलं की महिन्याभरात बाजू पुढच्या भागापेक्षा लांब दिसायला लागते. चर्चमध्ये पंखे भरपूर असतील तर पडद्यांच्या कडेत घालतात ती वजनाची साखळी मागच्या कडेत टाका. आल्बला दोन्ही बाजूंना खिशांच्या फटी ठेवा, कॉलर माइकची डबी आणि फादरांचा रुमाल दोन्हींची सोय होते. माइकची क्लिप जिथे लागते तिथे गळ्याच्या आतून बकरमचा छोटा तुकडा घाला, नाहीतर गळा एका बाजूला ओढला जातो.

नक्षी

आता चित्र. दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्यांचा एक हिशेब आहे: दर दहा फुटांमागे एक इंच. शेवटचा बाक ८० फुटांवर असेल तर मुख्य चिन्ह निदान ८ इंचांचं हवं. त्याहून बारीक काम फक्त वेदीसेवकांना दिसणार. बारीक काम करूच नये असं नाही, पण त्याचे पैसे कशाचे देतोय हे समितीला माहीत असावं.

चिन्ह कुठे यावं, हे त्याहून महत्त्वाचं. पूर्वी फादर लोकांकडे पाठ करून मिस्सा करत, म्हणून जुन्या चॅझुबलांची सगळी श्रीमंती पाठीवर आहे. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, तिथे गेलात तर हे नीट पाहता येतं. आता फादर लोकांकडे तोंड करून उभे असतात आणि त्यांच्यापुढे साधारण ३९ इंच उंचीची वेदी असते. म्हणजे कमरेखालचं सगळं झाकलेलं. खालच्या कडेला भरलेल्या सुंदर ओंब्या प्रवेशाच्या मिरवणुकीत दिसतात, नंतर दिसत नाहीत. हात पसरून प्रार्थना करताना उठून दिसतात ते छाती आणि मनगटाजवळच्या कडा. काम तिथे करा. पाठ अगदी कोरी सोडू नका, पण एक उभा पट्टा तिला पुरे.

चिन्हांच्या बाबतीत अल्फा-ओमेगा (ग्रीक लिपीतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर), कबुतर, द्राक्षं, कोकरू यांची फाइल प्रत्येक भरतकामवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये तयार असते, म्हणून सगळीकडे तीच दिसतात. थोडं शोधलं तर आपल्याच विणीत चिन्हं सापडतात. पैठणीच्या पदरातला मोर घ्या. रोममधल्या भुयारी दफनभूमींच्या भिंतींवर पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी मोर रंगवले आहेत. मोराचं मांस कुजत नाही अशी तेव्हाची समजूत होती, संत ऑगस्टीननेही त्याबद्दल लिहिलं आहे. त्यामुळे मोर हे अमरत्वाचं आणि पुनरुत्थानाचं चिन्ह झालं. म्हणजे पुनरुत्थानाच्या पांढऱ्या-सोनेरी सेटवर पैठणीतले मोर आले तर कुणाला "हे आपलं नाही" म्हणायला जागाच नाही. कमळाचंही तसंच. केरळातल्या प्राचीन सेंट थॉमस क्रॉसच्या पायाशी ते कोरलेलं आहे.

भाताच्या लोंब्या ८ सप्टेंबरच्या मरियेच्या जन्मोत्सवाला किंवा मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांच्या आगेऱ्याला (सुगीच्या सणाला) शोभतात, तेव्हा नवं पीक चर्चमध्ये येतंच. पण मिस्साच्या चिन्हांत गव्हाच्या जागी भात काढू नका. ओस्ती, म्हणजे मिस्साची पातळ भाकर, गव्हाचीच असते, त्याबाबत नियम पक्का आहे. लुगड्यासारखी बारीक चौकडीही मोह घालते. ती प्रत्यक्षात छान दिसते, पण थेट प्रक्षेपणात कॅमेऱ्यासमोर लुकलुकते. मोठी चौकट घ्या किंवा ती फक्त स्टोलच्या टोकांना ठेवा. संतांचे चेहरे भरू नका. चालताना घडी पडते आणि ती नेमकी नाकावर येते.

काम कुठल्या पद्धतीने करायचं? जरदोजी देखणी, पण जड. ती छोट्या चिन्हापुरती ठेवा. आरीचा साखळी टाका कापड ओढत नाही. मोठ्या चिन्हाला मला सगळ्यांत आवडतं ते तुकड्यांचं जोडकाम: रेशमाचे आकार कापून हाताने लावायचे आणि कडेने फक्त जरीची दोरी फिरवायची. लांबून ठसठशीत दिसतं, झगा मऊ राहतो. मशीनवर करायचंच असेल तर भरगच्च भरण नको, बाह्यरेषा आणि मोकळे टाके सांगा. आणि मूळ कापडावर थेट न करता वेगळ्या तुकड्यावर करून घ्या. बिघडलं तर तुकडा जातो, झगा वाचतो.

वेदीचं आणि चषकाचं कापड

वेदीवर निदान एक पांढरं कापड हवंच. रंगीत कापड दर्शनी बाजूला लोंबू शकतं, पण वरच्या बाजूला सर्वांत वर पांढरंच. समजा वेदी ७ फूट लांब आहे आणि दोन्ही बाजूंना ३० इंच लोंब हवी आहे. ८४ अधिक ६० म्हणजे १४४, दुमडीचे ४ मिळवून १४८. सुती किंवा लिननचं कापड धुतल्यावर पाच टक्क्यांपर्यंत आटू शकतं, म्हणून ४ मीटर आणा, आधी धुवा, इस्त्री करा, मग कापा.

चषक आणि ओस्तीची तबकडी ज्यावर ठेवतात ते कॉर्पोरल साधारण २० इंची चौरस, पांढरं लिनन किंवा सुती. ते तीन उभ्या आणि तीन आडव्या घड्यांत मिटतं, उलगडल्यावर नऊ चौकोन दिसतात. घडी नेहमी आत घालायची, म्हणजे ओस्तीचे कण खाली सांडत नाहीत. मधोमध उठावाचं भरतकाम करू नका, चषक त्यावर डगमगतो. क्रूस लहान आणि पुढच्या कडेजवळ. लेस नको, सेंट नको, कडक खळही नको. चषक पुसायचे रुमाल १२ बाय १८ इंचांचे करा आणि भरपूर करा, मिस्सागणिक एक लागतो.

या कापडांचं पहिलं पाणी गटारात जात नाही. सॅक्रिस्टीत (वस्त्रं-भांडी ठेवायच्या खोलीत) थेट जमिनीत उतरणारं भांडं असेल तर त्यात, नसेल तर बागेत मातीत ओततात. द्राक्षारसाचा डाग गार पाण्यात लगेच बुडवा, गरम पाण्याने तो पक्का होतो. मेण नखाने खरवडून, वर-खाली टिपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा.

सांभाळ

कोकणातला पावसाळा जरीचा वैरी. वस्त्रं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली की आत दमट होऊन जर काळी पडते. जुन्या धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा, डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला उघडीप मिळेल तेव्हा सावलीत वारा द्या. साधा झगा रुंद, गादीच्या हँगरवर टांगा. जड भरतकामाचा आडवा ठेवा आणि घडीत कापडाची गुंडाळी घाला, म्हणजे घडीची धार पडत नाही. वापरण्यापलीकडे गेलेलं आशीर्वादित वस्त्र चिंध्यांच्या गाठोड्यात टाकायचं नाही, ते जाळतात किंवा पुरतात. शाबूत भाग लहान कापडाला वापरायचा असेल तर आधी फादरांना विचारा.

वस्त्र देताना मागच्या गळ्याच्या आत एक सुती पट्टी शिवा आणि तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने लिहा: कापड कुठलं, शिवल्याचं वर्ष, धुवायचं की ड्रायक्लीन, आणि कुठल्या सेटमधलं. त्याच कापडाचा वीतभर तुकडा पाकिटात घालून सॅक्रिस्टीच्या कपाटात ठेवायला द्या. पाच वर्षांनी कुठे ठिगळ लावायची वेळ आली तर तोच रंग बाजारात मिळत नाही.